चार किलोला एक किलो

होमस्कूलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साधारण दोन चित्रं येतात. एक अमेरिकेतलं: मोठं घर, मागे अंगण, आई मुलांना टेबलाशी बसवून शिकवतेय. दुसरं पुण्या-मुंबईतलं: आईवडील दोघं आयटीत, घरात पुस्तकांची तीन कपाटं आणि 'आम्ही मुलाला शाळेत घालणार नाही' हे मित्रांमध्ये जाहीर करून झालेलं. कवठे महांकाळजवळची द्राक्षबाग, पत्र्याचं बेदाणा शेड आणि त्या शेडात वही घेऊन बसलेली दोन पोरं हे तिसरं चित्र सहसा कुणी काढत नाही. ते आमच्याच घरात तयार झालं, म्हणून आजचा हा वीकांताचा लेख.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझा चुलतभाऊ (दादा) पुण्यात नोकरीला होता. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तसा तो बायकापोरांसकट गावी गेला. महिनाभरासाठी गेलेला माणूस तिथेच रमला. वहिनी बीएस्सी, पूर्वी क्लासमध्ये शिकवायच्या. शाळा बंद, मोबाइलवरचे वर्ग रेंजअभावी अर्धवट, त्यामुळे त्यांनी घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे २०२१ च्या अखेरीस शाळा सुरळीत व्हायला लागल्या, तेव्हा पोरं परत शाळेत गेली नाहीत. थोरली तेव्हा दहाची, धाकटा सातचा.

गावाकडे हे सांगणं फार अवघड असतं, मंडळी. पुण्यात 'होमस्कूलिंग' म्हटलं की लोक कौतुकानं 'अरे वा' म्हणतात. गावात पारावरचा प्रश्न सरळ येतो, "पोरं शाळंला का जाईनात?" आणि पुढचा त्याहून सरळ, "काय अडचण हाय का?"

कायद्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आणि मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. पण दाखल केलं नाही तर पालकांना शिक्षा, असं काही नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा आहे आणि आपला जुना, सर्वांना ठाऊक असलेला १७ नंबरचा फॉर्मही आहे. थोडक्यात, दार बंद नाही, पण उघडं आहे असंही कुणी म्हणत नाही. ते फक्त लोटलेलं आहे.

मोठं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या मालविका जोशीचं. तिनं सातवीत शाळा सोडली, घरी शिकली, इन्फॉर्मेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचा रस्ता तिला बंद होता, तो भाग वेगळा! पण वहिनींना हे उदाहरण मी सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, ते एक झालं. आमची पोरं काय ऑलिंपियाडवाली नाहीत. त्यांना नीट शिकायला येतंय का, एवढंच मला कळायला पाहिजे. परीक्षा नाही, मार्क नाहीत, मला कळणार कसं? मी पोरांचं वाटोळं तर नाही ना करत?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण 'कळणार कसं' हा तर आमच्या धंद्यातला प्रश्न! प्रोग्रॅम चालतोय का हे प्रोग्रॅमरला विचारून कळत नाही, तो चालवून बघावा लागतो. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी सुचवलं की पोरांना एक खरा प्रकल्प करू द्या आणि तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडा. परक्या माणसांनी चार प्रश्न विचारले की आपोआप कळेल.

आता विज्ञान प्रदर्शन म्हणजे काय हे आपण सगळे जाणतो. थर्माकोलचं स्मार्ट शहर, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजा लावून केलेला जेसीबी. आणि पाठ केलेलं भाषण, "नमस्कार, माझ्या उपकरणाचे नाव आहे..." मीही हे केलंय, तुम्हीही केलं असणार. :-) प्रदर्शन जाहीर होतं, हातात जेमतेम आठवडा असतो, मग बाबा किंवा मामा रात्री जागून मॉडेल करतात आणि पोरगं फक्त भाषण करतं.

म्हणून मी दोन अटी घातल्या. पहिली, विषय मी सुचवणार नाही. दुसरी, हात मी लावणार नाही. माझं काम फक्त दर शनिवारी सकाळी फोन करायचं. हापिसात रोज सकाळी 'काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय' विचारतात ना, तेच तीन प्रश्न.

विषय सापडायला तीन शनिवार गेले. सौरमाला झाली, भूकंपमापक झाला. चौथ्या शनिवारी थोरलीनं सांगितलं ते असं. घरात जेवताना आप्पा (माझे चुलते, पण त्यांना सगळं गावच आप्पा म्हणतं) नेहमीसारखं म्हणाले, "चार किलोला एक किलो." म्हणजे चार किलो द्राक्षं वाळवली की एक किलो बेदाणा. तर ही म्हणाली, "आप्पा, गेल्या साली तर पाच लागले म्हणत होता की. मग नेहमी चार कसं?"

आप्पा म्हणाले, "पंचवीस वर्सं बेदाणा करतोय, आता तू शिकीव मला."

झालं, विषय मिळाला!

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला तालुका. मिरजेहून पंढरपूरकडे निघालं की हिरवा ऊस हळूहळू मागे पडतो आणि माळरान सुरू होतं. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, ते इकडे येतं. ज्या कोरड्या हवेनं पिकं जळतात, तीच हवा बेदाण्याला लागते. म्हणून तासगाव, कवठे महांकाळ, मिरज या पट्ट्यात बेदाण्याची शेडं उभी राहिली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

पद्धत अशी. १०० लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालतात. या तेलात मुख्य म्हणजे इथाइल ओलिएट. द्राक्षाचे घड त्यात दोन-चार मिनिटं बुडवायचे आणि शेडात जाळीच्या रॅकवर पसरायचे. सावलीत, वाऱ्यावर, बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. डिपिंगनं त्या थराची रचना बदलते आणि पाण्याला वाट मिळते.

हे मी पुस्तकी सांगितलं. धाकट्याला हे पटेना. त्याचं म्हणणं, "काका, नुसत्या पाण्यात बुडवलं तर पण मेण निघंल की. बघायचं का?"

बघा! तेरा वर्षं नोकरी केलेल्या लोकांना 'कंट्रोल' म्हणजे काय हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात आणि दहा वर्षांचं पोरगं आपल्या आपण तिथे पोचलं. त्यानं तीन ट्रे केले. एक काहीच न करता, एक साध्या पाण्यात बुडवून, एक डिपिंगचा. प्रत्येक ट्रेत पंचवीस-पंचवीस मणी, एकाच घडातले वाटून घेतलेले. रोज संध्याकाळी सहा वाजता वजन. पंधराव्या दिवशी डिपिंगचा ट्रे चांगला वाळला होता. बाकीचे दोन्ही ट्रे जवळजवळ सारखेच मागे, मणी अजून मऊ, दोन-चारांना बुरशी. म्हणजे साधं पाणी काही उपयोगाचं नाही. त्याचा स्वतःचाच अंदाज चुकला होता आणि गडी भलताच खूश होता. "काका, मी म्हणलेलं खोटं निघालं!" असं ओरडून सांगत होता फोनवर.

थोरलीचं काम जास्त चिवट होतं. द्राक्षाची गोडी मोजायचं नळकांडं बागायतदारांकडे असतंच. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा. हा आकडा म्हणजे ब्रिक्स. १०० ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज किती ग्रॅम, आणि त्यात बहुतेक साखरच. तिनं एकाच बागेतून तीन वेळा एकेक किलोचे घड तोडून आणले. फेब्रुवारीच्या मध्याला १८ ब्रिक्स, महिनाअखेर २१, मार्चच्या मध्याला २४.

एका शनिवारी मी फक्त एक प्रश्न विचारला, "वाळताना द्राक्षातून काय जातं?" "पाणी." "आणि साखर?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "ती कुठं जाईल?"

बस्स. पुढचं गणित तिनं स्वतः मांडलं. एक किलो द्राक्षात १८ टक्के म्हणजे १८० ग्रॅम कोरडा ऐवज. तयार बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी राहतं, म्हणजे ८५ टक्के कोरडा ऐवज. १८० ला ०.८५ ने भागलं की २१२ ग्रॅम बेदाणा. २१ ब्रिक्सला २४७ ग्रॅम आणि २४ ला २८२. म्हणजे किलोभर बेदाण्याला पहिल्या तोडीत पावणेपाच किलोच्या आसपास द्राक्षं लागणार, दुसरीत चार, तिसरीत साडेतीन. आप्पांचं 'चार किलोला एक' बरोबरच होतं, पण ते २१ ब्रिक्सचं उत्तर होतं!

आता खरी गंमत. प्रत्यक्षात भरले २०६, २३८ आणि २७१ ग्रॅम. तिन्ही वेळा कमी. त्या शनिवारी आवाज रडवेला. "काका, वहीत २१० लिहू का? जवळच आहे."

वहीचा एक नियम आधीच ठरला होता. पेननं लिहायचं, खोडरबर नाही, पान फाडायचं नाही. आमच्याकडे एकदा कमिट केलं की इतिहासात राहतं, तसं. मी एवढंच म्हटलं, "काट्यानं जे दाखवलं ते लिही. आणि सहा ग्रॅम कुठे गेले ते शोध." आमच्या भाषेत याला डीबगिंग म्हणतात आणि अर्धा पगार त्याचाच मिळतो. :-)

सहा ग्रॅम कुठे गेले हे धाकट्यानं शोधलं. घड तोलला होता देठासकट आणि बेदाणा तोलला होता देठ चोळून काढल्यावर! दुसऱ्या दिवशी त्यांनी किलोभर घडांचे मणी सुटे करून देठ वेगळे तोलले. साधारण ३० ग्रॅम. मग १००० च्या जागी ९७० धरून गणित केलं तर आलं २०५, २४० आणि २७४. मोजलेले २०६, २३८, २७१. उरलेला एक-दोन-तीन ग्रॅमचा फरक वहीत तसाच आहे. त्याच्यापुढे थोरलीनं 'कारण माहीत नाही' असं लिहिलंय. मला सगळ्या वहीत ती ओळ फार आवडते.

हे सगळं मार्चअखेर संपलं आणि तालुक्याचं प्रदर्शन होतं डिसेंबरात. शाळेतल्या मुलांना हे करताच आलं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हुशारी त्यांच्याकडे कमी नाही. पण द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा आणि नेमकी तेव्हाच शाळेत परीक्षांची धांदल. रोज संध्याकाळी सहाला महिना-दीड महिना वजन करायला मोकळीक लागते. घरी शिकण्याचा फायदा म्हणजे हाच. निसर्गाचं वेळापत्रक चालतं, घंटेचं नाही.

तोटाही लगेच समोर आला. तालुक्याचं प्रदर्शन शाळांमार्फत असतं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या मुलाला प्रकल्पासाठी १०,००० रुपये मिळतात, पण नाव पाठवायचं शाळेनं. १९९३ मध्ये देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेनं १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये शाळेबाहेरचीही धरली, हा मोठेपणाच म्हणायचा. बाकी ठिकाणी अर्जात 'शाळेचे नाव' हा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. दादानं दोन-तीन ठिकाणी विचारलं. शेवटी एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी वही चाळली, मग पहिल्यापासून वाचली आणि म्हणाले, "स्पर्धेत घेता येणार नाही. पण टेबल देतो. पोरांना बोलू दे."

थोरली हिरमुसली. तिला नंबर हवा होता. तेरा वर्षांच्या पोरीला नंबर हवासा वाटणारच. वहिनींनी तिला समजावलं नाही, नुसतं जवळ घेतलं.

मी रजा टाकून गेलो. टेबलावर तीन बरण्यांत बेदाणा, वजनकाटा, वही आणि हातानं काढलेला आलेख. (एक्सेल मुद्दाम वापरू दिलं नव्हतं. बिंदू हातानं टाकला की तो लक्षात राहतो.) शेजारी सिरिंजांचा जेसीबी होता. तो मुलगा काय सफाईनं बोलत होता! पाठ नव्हतं बरं का, त्याला दाब कसा पोचतो ते खरंच समजलं होतं. आणि आमचा धाकटा पहिला माणूस समोर आल्याबरोबर गप्प. तोंडातून शब्द फुटेना. शाळेतल्या मुलांना वर्गात उभं राहून बोलायची सवय असते, ती घरी कुठून येणार? वहिनी लांबून बघत होत्या, त्यांचा चेहरा उतरला. हीही चाचणीच होती आणि तिचाही निकाल नोंदवायला हवा.

दुपारनंतर मुलांना न्यायला पालक यायला लागले. द्राक्षवाले शेतकरीच बरेचसे. 'चार किलोला एक किलो, नेहमी?' हे पाटीवरचं वाक्य वाचून थांबायला लागले. दहा-बारा जण जमले. थोरलीनं आलेख समजावला, कोण म्हणालं "बराबर हाय", कोण म्हणालं "आमच्या बागंत असं न्हाई हुत". मग एका गृहस्थानं खरा प्रश्न टाकला. "पोरी, गोडी वाढंपर्यंत थांबावं तर अवकाळी डोक्यावर. आठ दिवस थांबायचं का न्हाई ते सांग की."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आप्पाही. हा खरोखर लाखांचा प्रश्न आहे. थांबलं तर टनामागे बेदाणा वाढतो, पाऊस आला तर सगळंच जातं.

ती म्हणाली, "ते आम्ही मोजलेलं नाही, काका. आम्ही फक्त थांबलं तर किती वाढतं ते मोजलंय. पावसाचं नाही सांगता येणार."

गृहस्थ हसले. म्हणाले, "खरं बोलली."

मी आजवर शेकडो मीटिंगांत बसलोय. 'हे आम्ही मोजलेलं नाही' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? एका हाताची बोटं पुरतील. असो.

बक्षीस अर्थातच नाही. जेसीबीला दुसरा नंबर मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. संध्याकाळपर्यंत धाकट्याची त्या जेसीबीवाल्याशी गट्टी जमली होती आणि दोघं सिरिंजांत पाणी भरून एकमेकांना भिजवत होते.

परतताना वहिनींना विचारलं, "कळलं का?" म्हणाल्या, "निम्मं. शिकायला येतंय एवढं कळलं. पण त्यांना माणसं कमी पडतात, तेपण कळलं." त्यानंतर त्यांनी पोरांना दर रविवारी त्या सरांच्या विज्ञान मंडळात पाठवायला सुरुवात केली. सरांनीही हरकत घेतली नाही. थोरलीच्या दहावीसाठी एनआयओएस की १७ नंबर, यावर घरात वाद चालू राहिले. त्यात मी पडत नाही.

तुमच्यापैकी अनेकांचं गाव असेल आणि गावात भाचरं-पुतणी असतील, शाळेतली किंवा घरी शिकणारी. त्यांना मदत करायची असेल तर मॉडेल करून देऊ नका. एक बऱ्यापैकी वजनकाटा, एक जाड वही आणि आठवड्याचा एक फोन, एवढं पुरतं. पुण्यात असाल तर आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका एकदा बघून या. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. महागडं किट घ्यायची इच्छाच मरते. आणि हो, पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत असलं तरी एक शनिवार थांबा.

धाकट्याला आता नवा प्रश्न पडलाय. म्हैसाळचं पाणी कालव्याला सुटलं की आपल्या विहिरीचं पाणी किती दिवसांनी चढतं? वीतभर अंतरावर गाठी मारलेली दोरी त्यानं विहिरीत सोडलीय आणि रोजची गाठ वहीत लिहितोय. पेननं.